दुचाकीच्या हँडलची ढिलाई : केवळ नट आवळणे हा उपाय नव्हे

सावली (जि. चंद्रपूर) : मूल मागे टाकून गडचिरोलीच्या दिशेने निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या सुरू होतात. सावली, पुढे व्याहाड, नंतर वैनगंगेचा पूल आणि पलीकडे गडचिरोली जिल्हा. झाडीपट्टीच्या या भागात दुचाकी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. रोवणीच्या दिवसांत शेतावर जाण्यासाठी, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या कामासाठी, आठवडी बाजारासाठी, आजारी माणसाला रुग्णालयात नेण्यासाठी आणि दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला की रात्रीच्या प्रवासासाठीही तीच उपयोगी पडते. डांबरी रस्ता सोडला की मुरमाचा रस्ता, त्यानंतर बैलगाडीची चाकोरी आणि शेवटी धुरा, असा तिचा नेहमीचा मार्ग असतो.

अशा वाहनाचे ऑइल वेळेवर बदलले जाते, साखळीला तेल मिळते, ब्रेकही आवळले जातात. मात्र ज्या एका सांध्यावर वाहनाची दिशा अवलंबून असते, त्याच्याकडे तो आवाज करू लागेपर्यंत कोणी पाहत नाही. पुढचा ब्रेक दाबला की हँडलखाली ‘टक’ असा आवाज येतो. मेकॅनिककडे नेल्यावर तो एक नट आवळून देतो, आवाज थांबतो आणि ग्राहक समाधानाने परततो. पुष्कळदा मात्र हा उपाय मूळ दोष झाकून टाकतो आणि आधीपेक्षा अधिक धोकादायक असा दुसरा दोष निर्माण करतो. शहरातील वाचकांच्या दुचाकीलाही हेच लागू पडते, कारण खड्डे आणि गतिरोधक यांची उणीव शहरातही नाही. म्हणूनच हा सांधा कसा असतो, तो ढिला का होतो, दोष नेमका कोठे आहे हे कसे ओळखावे आणि नट आवळणे कधी पुरेसे असते, याची माहिती प्रत्येक दुचाकीधारकाला असणे आवश्यक आहे.

सांध्याची रचना

दुचाकीच्या सांगाड्याच्या पुढच्या टोकाला एक जाड, आखूड नळी वेल्ड केलेली असते. ही नळी उभी नसून मागे कललेली असते. नेहमीच्या वापराच्या दुचाकींमध्ये हा कल साधारणतः २५ ते २८ अंशांचा असतो. या नळीतून एक दांडा जातो. दांड्याच्या खालच्या टोकाला आडवी पट्टी असते. गॅरेजच्या भाषेत तिला ‘टी’ म्हणतात. या पट्टीत पुढचे दोन्ही शॉकअप पकडलेले असतात आणि त्यांच्या तळाशी चाकाचा आस असतो. दांड्याच्या वरच्या टोकावर दुसरी पट्टी आणि तिच्यावर हँडल बसते.

दांडा नळीत सहज फिरावा, पण मागे-पुढे हलू नये, यासाठी नळीच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी एकेक बेअरिंग असते. नेहमीच्या दुचाकींमध्ये बहुधा पोलादी वाटी, तिच्यात बसणारा कोन आणि दोहोंमध्ये गोल छर्रे अशी त्याची रचना असते. वरच्या आणि खालच्या अशा संपूर्ण जोडीला ‘कोनसेट’ म्हणतात. काही वजनदार दुचाकींमध्ये छर्‍यांऐवजी निमुळते रोलर असलेले बेअरिंग वापरतात. सायकलचा चिमटा आणि तीनचाकी रिक्षाचे पुढचे चाक यांच्याही मुळाशी हेच तत्त्व आहे.

कोनसेटच्या वर खाचा असलेला एक नट असतो. हा समायोजनाचा नट होय. तो किती फिरवला, यावर छर्‍यांवरील दाब ठरतो. त्याच्यावर वरची पट्टी आणि तिच्यावर दांड्याचा मोठा नट अथवा बोल्ट असतो. पहिला दाब ठरवतो आणि दुसरा ठरलेला दाब कायम राखतो. या दोन नटांची कामे वेगळी आहेत, हे ध्यानात न घेतल्यामुळे अनेक दुरुस्त्या फसतात.

ढिलाई येते कशी?

चाकातील बेअरिंग अखंड फिरत असते. त्यामुळे त्यातील प्रत्येक छर्‍याला सतत नवी जागा मिळते आणि ग्रीसही सर्वत्र पसरत राहते. कोनसेटचे तसे नाही. प्रवासाचा बहुतांश काळ हँडल सरळ असते आणि ते फिरले तरी काही अंशांपुरतेच फिरते. परिणामी प्रत्येक छर्रा वर्षानुवर्षे जवळपास एकाच ठिकाणी बसून राहतो. खड्ड्यात आदळणार्‍या चाकाचा धक्का शॉकअपमधून वर चढतो आणि त्याच छर्‍यांमार्फत वाटीच्या त्याच बिंदूंवर आघात करतो. छर्‍याखालचे ग्रीस हळूहळू बाजूला सरकते आणि छर्रा पुरेसा फिरत नसल्याने ते पुन्हा जागेवर येत नाही. कालांतराने धातूवर धातू घासू लागतो आणि वाटीत छर्‍यांच्या आकाराचे बारीक खळगे पडतात.

पाणी ही प्रक्रिया वेगवान करते. रोवणीच्या हंगामात पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थेट खालच्या बेअरिंगवर येऊन आदळतो. शहरात हेच काम दाबाच्या पाण्याने गाडी धुणारा पाइप करतो. त्याची धार हँडलखालच्या सांध्यावर धरली की पाणी आत शिरते, ग्रीस वाहून जाते आणि गंज धरू लागतो.

ढिलाई डोळ्यांना दिसणार नाही इतकी अल्प असली तरी तिचा परिणाम अल्प नसतो. समजा, दोन बेअरिंगांमधील अंतर २० सेंटिमीटर आहे आणि वरच्या बेअरिंगपासून चाकाचा आस ८० सेंटिमीटरवर आहे. बेअरिंगपाशी केवळ अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक आली, तरी आसापाशी ती चौपट होऊन सुमारे दोन मिलिमीटरची होते. ब्रेक दाबताच चाक प्रथम ही मोकळीक ओलांडून मागे सरकते आणि नंतरच थांबू लागते. ऐकू येणारा ‘टक’ हा त्या सरकण्याचा आवाज असतो.

लक्षणे तीन, अर्थ तीन

हँडलच्या तक्रारी ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिली तक्रार ढिलाईची. ब्रेक दाबताना अथवा खड्ड्यातून जाताना आवाज येतो आणि वेग कमी होत असताना हँडल थरथरते. दुसरी तक्रार जडपणाची. हँडल फिरवताना जोर लागतो, संथ वेगात गाडी नागमोडी चालते आणि वळणावरून बाहेर पडताना हँडल आपोआप सरळ होत नाही. तिसरी तक्रार अडकण्याची. हँडल नेमके सरळ स्थितीत खाचेत बसल्यासारखे थांबते आणि तेथून हलवताना हलका झटका जाणवतो.

पहिल्या प्रकारात नट ढिला असू शकतो अथवा बेअरिंग झिजलेले असू शकते. दुसर्‍या प्रकारात नट प्रमाणाबाहेर आवळलेला असतो किंवा ग्रीस संपलेले असते. तिसर्‍या प्रकाराचा अर्थ जवळपास निश्चित असतो : वाटीत खळगे पडले आहेत. खळगे पडलेल्या कोनसेटमध्येही ढिलाई जाणवते आणि अशा वेळी नट आवळला की आवाज बंद होतो. मात्र छर्रे खळग्यांत अधिकच घट्ट रुततात. दुचाकीचा तोल म्हणजे हँडलच्या लहान-लहान हालचालींनी सतत सावरली जाणारी स्थिती होय. हँडल मोकळेपणाने फिरू शकले नाही तर चालकाची ही सावरण्याची क्षमताच जाते. सायंकाळी जंगलातील रस्त्यावर रानडुक्कर आडवे आले असता अडकणारे हँडल हे आवाज करणार्‍या हँडलपेक्षा अधिक घातक ठरते, ते याचमुळे.

दोष नेमका कोठे?

हँडल हलते म्हणजे कोनसेटच ढिला, असे गृहीत धरणे योग्य नव्हे. खालील तपासण्या क्रमाने केल्यास दोषाची जागा कळते. त्यासाठी दोन व्यक्ती आणि दहा मिनिटे पुरेशी आहेत.

१. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर उभी करावी. एका व्यक्तीने मागच्या बाजूस भार द्यावा, म्हणजे पुढचे चाक अधांतरी राहील. डबल स्टँड नसल्यास इंजिनाखाली भक्कम आधार द्यावा. केवळ साइड स्टँडवर तिरकी केलेली गाडी या तपासणीसाठी निरुपयोगी आणि असुरक्षित असते.

२. हँडलची पकड हाताने वर-खाली हलवून पाहावी. हँडल वरच्या पट्टीवर सरकत असेल तर दोष हँडलच्या क्लॅम्पचा आहे. क्लॅम्पचे बोल्ट समप्रमाणात आवळावेत. कोनसेटला हात लावण्याचे कारण नाही.

३. दोन्ही शॉकअप तळाशी, आसाजवळ धरून मागे-पुढे हलवावेत. त्याच वेळी दुसर्‍या व्यक्तीने खालची पट्टी आणि सांगाड्याची नळी यांच्यामधील फटीवर बोट ठेवावे. बोटाला हालचाल जाणवली तर ढिलाई कोनसेटमध्ये आहे. पट्टी स्थिर राहून शॉकअपची नळी तिच्या बाहेरच्या घरात हलत असेल तर दोष शॉकअपचा आहे.

४. चाक वर आणि खाली धरून डावी-उजवीकडे हलवावे. आसापाशी हालचाल दिसल्यास चाकाचे बेअरिंग अथवा आसाचा नट तपासावा.

५. शेवटी हँडल एका टोकापासून दुसर्‍या टोकापर्यंत अगदी सावकाश, दोन बोटांनी फिरवावे. ते सर्वत्र सारखे मोकळे फिरले पाहिजे. मध्यभागी खाच जाणवली अथवा खरखर आली तर बेअरिंग बदलण्याच्या अवस्थेत आहे.

उभ्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबून ती मागे-पुढे हलवण्याची पद्धत सर्वत्र प्रचलित आहे. ती प्राथमिक अंदाजासाठी ठीक असली तरी त्या हालचालीत ब्रेकचे भाग, शॉकअप आणि कोनसेट या तिघांचीही ढिलाई एकत्र जाणवते. तिच्यावरून अंतिम निष्कर्ष काढू नये. गाडीचा मागचा भाग डोलत असेल तर मागच्या चाकाचा स्विंगआर्म आणि टायरमधील हवाही पाहावी.

समायोजन कसे करावे?

पाचव्या तपासणीत हँडल मोकळे व गुळगुळीत फिरत असेल आणि तिसर्‍या तपासणीत मात्र ढिलाई आढळली असेल, तरच केवळ समायोजन पुरेसे ठरते.

प्रथम वरचा मोठा नट सैल करावा. वरच्या पट्टीने शॉकअप पकडून ठेवलेले असतील तर तेथील बोल्टही सैल करावे लागतात, अन्यथा पट्टी जागची हलत नाही आणि फिरवलेल्या नटाचा दाब बेअरिंगपर्यंत पोहोचत नाही. त्यानंतर खाचांचा नट हूक पान्याने फिरवावा. एका वेळी वळशाच्या आठव्या भागाहून अधिक फिरवू नये. प्रत्येक वेळी शॉकअप हलवून ढिलाई आणि हँडल फिरवून मोकळेपणा पाहावा. ढिलाई संपली, पण हँडल मध्यभागापासून किंचित ढकलताच स्वतःच्या भाराने बाजूला झुकते, ही योग्य स्थिती होय. काही गाड्यांत केबल व वायरींच्या ताणामुळे हँडल थोडे आधी थांबते, ते ध्यानात घ्यावे.

आता वरचा नट कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनुसार आवळावा आणि सैल केलेले सर्व बोल्ट पुन्हा घट्ट करावेत. येथेच काम संपले असे समजू नये. वरचा नट आवळल्याने आट्यांमधील मोकळीक नाहीशी होते आणि बेअरिंगवरील दाब थोडा बदलतो. म्हणून सर्व तपासण्या पुन्हा एकदा करणे अत्यावश्यक असते.

हूक पान्याऐवजी छिन्नी आणि हातोडीने नट ठोकण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. त्यामुळे नटाच्या खाचा तुटतात, किती फिरला याचा अंदाज राहत नाही आणि ठोक्याचा आघात थेट वाटीवर जातो. दुरुस्तीला गाडी देताना ग्राहकाने हूक पाना आहे का, एवढे विचारले तरी पुष्कळ हानी टळेल.

बदलण्याची वेळ आली तर

खळगे पडलेला कोनसेट समायोजनाने सुधारत नाही. केवळ छर्रे बदलणे अथवा केवळ वरची वाटी बदलणे हाही अर्धवट उपाय होय. नवा छर्रा जुन्या खळग्यात बसला तर तो लवकरच त्याच अवस्थेला जातो. वरच्या व खालच्या वाट्या, दोन्ही कोन आणि सर्व छर्रे एकत्रच बदलावेत.

हे काम करताना पुढचे चाक, शॉकअप आणि हँडल उतरवावे लागते. दांडा खाली येताना छर्रे विखुरतात, म्हणून खाली स्वच्छ फडके अथवा ताट ठेवावे. वरचे आणि खालचे छर्रे वेगळे ठेवून मोजावेत, कारण त्यांची संख्या आणि काही गाड्यांत आकारही भिन्न असतो. जुन्या वाट्या नळीच्या आतून लांब दांडा लावून, कडेकडेने सारख्या ठोकून काढतात. नवी वाटी तिरकी बसणार नाही याची काळजी घ्यावी लागते. दांड्यावरील खालचा कोन बदलण्याचे काम जिकिरीचे असल्याने पुष्कळदा टाळले जाते. वास्तविक सर्वाधिक मार त्याच खालच्या बेअरिंगला बसलेला असतो.

केरोसीन अथवा डिझेलने जागा स्वच्छ करून, पूर्ण वाळवून, भरपूर ग्रीस भरावे. ग्रीसमुळे छर्रे वाटीला चिकटून राहतात आणि जोडणी सुलभ होते. जोडणी झाल्यावर खाचांचा नट प्रथम थोडा अधिक आवळून हँडल काही वेळा दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे, म्हणजे सर्व भाग आपापल्या जागी बसतात. मग नट सैल करून वर सांगितल्याप्रमाणे अंतिम समायोजन करावे. नवा कोनसेट सुरुवातीच्या वापरात थोडा बसतो. त्यामुळे सुमारे ५०० किलोमीटरनंतर त्याची फेरतपासणी करून घ्यावी.

गाडी ताब्यात घेताना इंजिन सुरू ठेवून हँडल दोन्ही टोकांना फिरवून पाहावे. इंजिनाचा वेग आपोआप वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल चुकीच्या मार्गाने गेली आहे किंवा ताणली जात आहे, असे समजावे. ब्रेकचा पाइप आणि वायरी कोठेही दबत नाहीत ना, हेही पाहावे.

ट्रॅक्टरपासून बर्फावरच्या वाहनापर्यंत

हाच विचार इतर वाहनांनाही लागू पडतो. चिखलणी करणार्‍या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगमध्ये ढिलाई आली की स्टिअरिंग बॉक्सवरील समायोजनाचा स्क्रू आवळण्याकडे कल असतो. बॉक्समधील दाते मात्र मध्यभागी अधिक आणि कडांना कमी झिजलेले असतात. मध्यभागाची ढिलाई जाईपर्यंत स्क्रू आवळला तर वळणावर स्टिअरिंग अडकू शकते. त्याआधी टाय रॉडचे बॉल जॉइंट तपासणे श्रेयस्कर असते. एकाने स्टिअरिंग थोडे-थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसर्‍याने प्रत्येक सांध्यावर हात ठेवून हालचाल कोठे हरवते ते पाहावे.

ज्या मोटारींत आणि ट्रॅक्टरमध्ये स्टिअरिंगचा दांडा उंचीनुसार वर-खाली करता येतो, त्यांत आणखी एक सांधा वाढतो. स्टिअरिंगचे चक्र वर-खाली ढकलल्यावर खडखडत असेल तर दोष बहुधा दांड्याच्या बिजागरीचा बोल्ट किंवा लॉक करणारी मूठ यांत असतो. चक्र फिरवूनही चाके काही अंतरापर्यंत हलत नसतील तर दोष त्यापुढील सांध्यांत असतो. एअरबॅग असलेल्या मोटारीत हा भाग घरी उघडू नये.

बर्फावर चालणार्‍या स्नोमोबाइलमध्येही कोडे तेच असते. कॅनडातील क्विबेक प्रांतातील व्हालकूर गावच्या जोसेफ-आर्मां बोम्बार्डिये यांच्या कंपनीने १९५९ साली ‘स्की-डू’ हे वाहन बाजारात आणले आणि हा प्रकार लोकप्रिय झाला. भारतात गुलमर्गला जाणार्‍या पर्यटकांना तो परिचित आहे. त्यात हँडल एका दांड्यावर असते, दांडा बुशांमध्ये फिरतो आणि टाय रॉडमार्फत पुढच्या दोन पट्ट्यांना वळवतो. दांडा समायोजनक्षम असल्यास त्याची बिजागरी आणि लॉक हीही झिजण्याची ठिकाणे ठरतात. तेथेही हँडलपासून पट्टीपर्यंत एकेक सांधा तपासत जाणे आणि झिजलेला बुश बदलणे हाच मार्ग आहे.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार प्रत्येक मोटार वाहनाची स्टिअरिंग यंत्रणा सुस्थितीत राखणे बंधनकारक आहे. स्टिअरिंगच्या चक्रावरील मोकळी हालचाल ३० अंशांहून अधिक असता कामा नये, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि जोडणीचे बोल्ट सुटणार नाहीत अशा रीतीने पक्के केलेले असावेत, असेही त्यात नमूद आहे. ३० अंशांचे माप चक्र असलेल्या वाहनांसाठी आहे. दुचाकीच्या कोनसेटमध्ये हाताला जाणवणारी कोणतीही ढिलाई दुरुस्तीयोग्यच मानावी.

दक्षता

पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळा संपल्यावर अशी वर्षातून दोनदा हँडलची तपासणी करावी. गाडी धुताना पाण्याची जोरदार धार हँडलखालच्या सांध्यावर धरू नये. टायरमधील हवा योग्य ठेवल्यास धक्क्यांचा काही भाग टायरच सोसतो. धानाची पोती अथवा अन्य ओझे हँडलला अडकवून नेल्यास तो भार थेट याच सांध्यावर येतो, तो टाळावा. अपघातात गाडी पुढून आदळली असेल तर कोनसेटबरोबरच दांडा आणि सांगाड्याची नळी वाकली नाही ना, हे तपासून घ्यावे.

आवाज बंद झाला म्हणजे दोष गेला, असे नसते. दुरुस्तीनंतर चाक अधांतरी ठेवून दोनच गोष्टी पाहाव्यात : शॉकअप हलवल्यास ढिलाई नसावी आणि हँडल दोन बोटांनी मोकळे फिरावे. यांपैकी एक साधली व दुसरी साधली नाही, तर नट पुन्हा आवळण्याऐवजी कोनसेट उघडून पाहण्यास सांगावे. त्यासाठी लागणारा अर्ध्या दिवसाचा वेळ आणि खर्च वाचवण्याचा मोह गाडीच्या मालकाने टाळलेला बरा.